वैशाखांतलें खळें

शहरांतल्या घरांतून चैत्र-वैशाख हे सुट्टीचे महिने मानले जातात. परीक्षा संपतात, मुलें आजोळीं जातात, दारांना वाळ्याचे पडदे लागतात, आणि भर दुपारीं कोणीं कोणाकडे जाऊं नये असा एक अलिखित नियम होऊन बसतो. कुणब्याच्या घरीं मात्र वर्षांतला मोठ्या जबाबदारीचा काळ तो हाच. रब्बीची सुगी याच सुमारास घरांत येते, आणि त्या सुगीचें काय करावयाचें हेंही याच सुमारास ठरतें. मी वर्धा जिल्ह्यांतल्या खेड्यांपाड्यांतून मराठी शाळेंत मास्तरकी केली. शेतावर राहणाऱ्या कुटुंबांचे उन्हाळे त्यामुळें जवळून पाहावयास मिळाले. त्यांविषयीं आज चार गोष्टी आपणांस सांगाव्यात असा विचार आहे.

वर्धा जिल्हा म्हणजे कांहीं मारवाडचें वाळवंट नव्हे. येथें वर्षाकाठीं सरासरी चाळीस इंच पाऊस पडतो. पश्चिमेस वर्धा नदी आहे. धाम, बोर, यशोदा, वणा या लहान नद्या जिल्ह्यांतून वाहतात. परंतु हा पाऊस बहुतेक सारा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. होळी झाली कीं पळस फुलतो, आणि पळसाचीं फुलें गळालीं कीं आमच्या प्रांतावर दरसाल एक वाळवंट चालून येतें. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. नाले कोरडे पडतात, नदीच्या पात्रांत झरे खणावे लागतात, आणि काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात कीं गुराचा पाय आंत अडकावा. मारवाडी माणूस वाळवंटांत जन्मभर राहतो, त्याला त्याची रीत ठाऊक असते. आमच्या शेतकऱ्याला मात्र दरवर्षीं तीन महिने वाळवंटांत काढावयाचे असतात आणि चौथ्या महिन्यांत पुन्हा पेरता व्हावयाचें असतें. तें ज्या घराला साधतें तें घर टिकतें. मला वाटतें, त्यासाठीं तीन गोष्टी घरांत राखून ठेवाव्या लागतात: बीं, पाणी आणि वैरण. या तिन्ही गोष्टी घरांत असल्या म्हणजे शेतकरी आपल्या पायांवर उभा असतो. त्या घराबाहेर गेल्या कीं तो दुसऱ्याच्या दारीं उभा राहतो.

प्रथम खळ्याकडे जाऊं. फाल्गुनांत हरभरा निघतो, जवस निघतो, मागोमाग गव्हाची सोंगणी होते. पूर्वी वावराच्या एका कोपऱ्यांत जागा साफ करून, पाणी शिंपून, ती चोपून कठीण करीत. वरून शेणाचा सडा-सारवण. मध्यें मेढ रोवावयाची, तिच्याभोंवतीं पेंढ्या पसरावयाच्या आणि बैलांची पात फिरवावयाची. दुपारच्या कडक उन्हांत काड चांगलें मोडतें, म्हणून ज्या वेळीं आपण दारें लावून घेतों त्याच वेळीं मळणीला रंग चढे. संध्याकाळीं वारा सुटला म्हणजे उफणणी. उंचावर उभें राहून सूप हलवावयाचें. दाणा खालीं पडे आणि भुसा वाऱ्याबरोबर पलीकडे जाऊन बसे. वारा पडला तर रात्र रात्र वाट पाहावी लागे. राखणीला माणूस जागलीवर असे, आणि कित्येक कुटुंबें महिनाभर खळ्यावरच बिऱ्हाड करून राहत. तीन दगडांची चूल, पाण्याचा माठ, झोंपण्यास घोंगडी, आणि वर आभाळ.

राशीची मोजणी हा एक संस्कारच होता. रास मोजतांना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. त्यानंतर दोन, तीन. मोजणाऱ्याशीं कोणीं बोलावयाचें नाहीं. मोजलेल्या राशीचे वाटे पडत, त्यांचा क्रमही ठरलेला असे. आधीं बियाण्याचा वाटा बाजूला निघे. मग सुतार-लोहारादि बलुतेदारांचा. मग सालदाराचा आणि मजुरांचा. मग घरच्या वर्षभराच्या खाण्याचा. इतकें होऊन उरेल तें बाजाराचें. मी जेव्हां मुलांना भागाकार शिकवीत असें, तेव्हां पुस्तकांतल्या उदाहरणांपेक्षां हें खळ्यावरचें उदाहरण त्यांना लौकर समजे. बाकी शून्य आली म्हणजे पुस्तकांतलें गणित बरोबर सुटतें; खळ्यावर मात्र बाकी शून्य येणें म्हणजे सावकाराकडे जाणें, हें त्या मुलांना न शिकवतां कळत असे.

आतां बैलांची पात बहुतेक ठिकाणीं बंद पडली. मळणीयंत्र येतें, आणि आठ दिवसांचें काम कांहीं तासांत उरकून निघून जातें. हें वाईट झालें असें मी मुळींच म्हणणार नाहीं. खळ्यावरचे कष्ट काव्यांत गोड वाटतात. प्रत्यक्षांत ऊन लागून माणसें दगावत, आणि अवकाळी पाऊस आला कीं हातातोंडाशीं आलेला घास डोळ्यांदेखत काळा पडे. यंत्रानें हे दिवस वाचविले. परंतु यंत्राबरोबर एक गोष्ट सहज घडली. धान्य यंत्रांतून निघतें तें पोत्यांत पडतें, आणि पोतीं तेथूनच गाडींत चढून हिंगणघाटच्या वा वर्ध्याच्या बाजारांत जातात. रास अशी होतच नाहीं. आणि रास नाहीं म्हणून वाटेही पडत नाहींत. पूर्वी सर्वांच्या शेवटीं येणारा बाजाराचा वाटा आतां सर्वांच्या आधीं निघतो. बियाण्याचा जो वाटा सर्वांत आधीं निघावयाचा, तो पुष्कळ घरीं आतां निघतच नाहीं.

बीं राखणें ही घरांतल्या बायकांची विद्या होती. ज्वारीचीं टपोरीं कणसें उभ्या पिकांतूनच हेरून ठेवीत, वेगळीं खुडीत, आणि चुलीचा धूर लागेल अशा बेतानें आढ्याला टांगीत. हरभऱ्यांत राख मिसळीत, तुरींत कडुनिंबाचा पाला घालीत. वैशाखाचें कडक ऊन त्या धान्याला दोन-तीन वेळां दाखविल्यावांचून तें मडक्यांत भरीत नसत. जें ऊन माणसाला सोसवत नाहीं तेंच ऊन दाण्यांतली ओल घालवून त्याला पुढच्या पेरणीपर्यंत जिवंत ठेवतें.

समुद्रपूर तालुक्यांतल्या वायगांवची हळद आपण ऐकली असेल. तिला आतां भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. तिची काढणी ऐन उन्हाच्या तोंडावर होते. कंद खणून काढावयाचे, मोठ्या कढईंत शिजवावयाचे आणि उघड्या जागेवर पसरून दिवसचे दिवस वाळवावयाचे. तेथेंही एक नेम आहे. हळकुंडें शिजतात, पण जेठे गड्डे, म्हणजे ज्या मूळ कंदाला हीं हळकुंडें फुटलेलीं असतात ते, कढईंत जात नाहींत. झाडाच्या गार सावलींत, हळदीच्याच पाल्याखालीं ते झांकून ठेवतात; मृग निघाला कीं तेच लावावयाचे. एकाच झाडाचा एक भाग उन्हाला द्यावयाचा आणि एक भाग उन्हापासून जपावयाचा, अशी ही वांटणी आहे. उन्हाळ्यांतल्या सगळ्या शेतकीचें मर्म मला या एका ढिगांत दिसतें.

कापसाची गोष्ट निराळी झाली. एकोणिसाव्या शतकांत हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारांत आपल्या नांवानें ओळखला जाई. 1867 सालीं वर्ध्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी झाली आणि हा कापूस थेट मुंबईला जाऊं लागला. तरीही त्याची सरकी शेतकऱ्याच्या हातची होती. थोडी बैलांना, थोडी बियाण्याला. 1970 सालीं सुरतेच्या संशोधन केंद्रांतून पहिला संकरित कापूस बाहेर पडला, आणि 2002 सालीं बीटी कापसाला सरकारी परवानगी मिळाली. या संकरित वाणाची सरकी राखून पेरली तर पुढच्या सालीं तसें पीक येत नाहीं. म्हणून दर वर्षीं पाकीट विकत घेणें आलें. नव्या वाणानें पहिलीं कांहीं वर्षें बोंडअळीपासून संरक्षण दिलें, उत्पन्नही वाढलें, हें मान्य केलें पाहिजे. पुढें गुलाबी बोंडअळी त्या वाणाला सरावली, आणि 2017 सालीं तिनें विदर्भांत मोठें नुकसान केलें. पाकिटाची खरेदी मात्र चालूच राहिली. ही खरेदी कधीं करावयाची? तर वैशाख-ज्येष्ठांत. त्या वेळीं कापसाची उलंगवाडी होऊन गेलेली असते, गांठीचा पैसा लग्नकार्यांत आणि जुन्या देण्यांत गेलेला असतो, आणि पावसाचा पत्ता नसतो. अशा वेळीं उधारीवर घेतलेलें बीं मातींत पडतें तें व्याजासकट पडतें. 2006 सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता. ती योजना कशामुळें करावी लागली, तें दुःख आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत. त्या सर्वांचा निवाडा मी येथें करीत नाहीं. पण कर्जाच्या हिशोबाचें पहिलें पान पुष्कळ घरीं वैशाखांत लिहिलें जातें, एवढें मात्र मी पाहिलें आहे.

आतां पाण्याकडे वळूं. उन्हाळ्यांत शेतावरच्या घराचा सारा दिनक्रम विहिरीभोंवतीं फिरतो. पहाटे तीन-साडेतीनला उठावयाचें, उजाडण्यापूर्वी पाणी भरून घ्यावयाचें, दहाच्या आंत बाहेरचें काम आटोपावयाचें. दुपार मांडवाखालीं, आणि ऊन कललें कीं पुन्हा वावरांत. कोणी बाहेर निघाला तर डोक्याला दुपट्टा आणि खिशांत कांदा. घरीं परतल्यावर कैरीचें पन्हें किंवा ज्वारीची आंबील. विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे घरच्या बाईची फेरी लांबते; उन्हाळ्याचें खरें माप पाऱ्यांत नव्हे, तिच्या पावलांत मोजावें.

पाण्याचें मोल किती, याचा एक प्रयोग आमच्याच जिल्ह्यांत झाला. वर्ध्यापासून पांच-सहा मैलांवर धाम नदीच्या कांठीं पवनार आहे. 1938 सालीं विनोबा तेथें राहावयास आले. पुढें 1950 सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं असा निश्चय केला कीं, पैशाचा आधार सोडावयाचा, आणि आपलें अन्नवस्त्र आपल्या हातांनीं त्या जमिनींतून काढावयाचें. त्याला त्यांनीं कांचनमुक्ति असें नांव दिलें. बैलही वापरावयाचे नाहींत असें ठरलें. पण जमीन किती खणली तरी पाण्यावांचून भाजी उगवेना. तेव्हां सगळे मिळून विहीर खणूं लागले. पाणी लागल्यावर रहाट बसविला, आणि बैलांच्या जागीं माणसें जुंपून घेऊन तो फिरवूं लागलीं. उच्चशिक्षित मंडळी ज्ञानेश्वरीवर प्रवचन करावयाचीं सोडून रहाट ओढीत होतीं. ही गोष्ट कांहीं जणांना विक्षिप्तपणाची वाटेल. पण घागरभर पाण्यास किती घाम लागतो, याचा हिशोब त्यांनीं पुस्तकांतून न घेतां अंगावर घेतला.

याच पवनारहून विनोबा 1951 च्या मार्चमध्यें पायीं तेलंगणाकडे निघाले. 18 एप्रिल रोजीं पोचमपल्लीच्या भूमिहीनांनीं त्यांच्याजवळ ऐंशी एकर जमीन मागितली. ती मागणी कशी होती, तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. चाळीस एकर ओलिताची आणि चाळीस एकर कोरडवाहू, अशी त्यांनीं ती मागितली. ज्यांच्याजवळ वीतभर जमीन नव्हती त्यांनाही हें पक्कें ठाऊक होतें कीं, नुसत्या जमिनीनें घर उभें राहत नाहीं. तिच्यांत पाणी असावें लागतें.

पाणी असूनही तें न देण्याची एक विद्या आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतल्या संत्र्याच्या बागाइतदारांजवळ आहे. मृगबहार घ्यावयाचा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत ते झाडांचें पाणी तोडतात. याला ‘ताण देणें’ म्हणतात. पानें मलूल होतात, कांहीं गळतात; पाहणाऱ्याला वाटावें कीं बाग गेली. पण पहिल्या पावसाबरोबर तींच झाडें फुलांनीं भरून येतात. मात्र ताण किती द्यावयाचा याला मर्यादा आहे. चार दिवस अधिक झाले तर झाड वाळतें. ताणानें फुलतें तें झाड, ज्याच्या मुळाशीं कांहीं साठा आहे; ज्याच्याजवळ साठाच नाहीं त्याला तोच ताण मारतो. माणसांचेंही असेंच नाहीं काय?

तिसरी गोष्ट वैरणीची. गव्हा-हरभऱ्याचा भुसा, तुरीचें कुटार, ज्वारीचा कडबा यांच्या गंजी उन्हाळ्यांत घराशेजारीं रचल्या जातात. आमच्या जिल्ह्याची गवळाऊ गाय प्रसिद्ध आहे. पांढरी, सडपातळ, चालीला हलकी अशी ही जात. तिचे बैल रस्त्याला आणि वखराला सारखेच कामाचे. कारंजा तालुक्यांत हेटीकुंडी येथें या जातीच्या संवर्धनाचें सरकारी केंद्र आहे. पण गोठ्यांत बैल कधीं राहील? गंजीवर कुटार असेल तर. ज्वारीचा पेरा कमी झाला तसा कडबा कमी झाला, आणि कडबा कमी झाला तसे वैशाखाच्या बाजारांत बैल विकले जाऊं लागले. बैल गेला म्हणजे शेणखत गेलें. शेणखत गेलें म्हणजे तेंही आतां पोत्यांतून विकत आणावयाचें. पाहा, बियाण्यासारखीच हीही गोष्ट घरांतून उठून दुकानांत गेली.

आणि घर तरी कसें? 30 एप्रिल 1936 रोजीं, म्हणजे भर उन्हाळ्यांतच, गांधीजी वर्ध्याहून जवळच्या शेगांवास गेले. बुलढाण्याकडच्या शेगांवाशीं नांवाचा घोटाळा होऊन टपाल तिकडे जाई, म्हणून 1940 सालीं या गांवाचें सेवाग्राम झालें. तेथल्या कुट्या आजही पाहावयास मिळतात. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, भोंवतीं पडवी, आणि बाहेर आग पाखडत असतां आंत सुखावह गारवा. ही युक्ति आमच्या शेतकऱ्याच्या घरांतलीच होती. गांधीजींनीं तिला मान दिला एवढेंच. त्याच पडवीच्या सावलींत वैशाखांत बायका सरगुंडे वळतात, अंगणांत कुरड्या-पापड वाळतात. अक्षय तृतीयेला नव्या घागरींत पाणी भरून पितरांना देतात, आणि मगच घरांतलीं माणसें नव्या माठाचें पाणी पितात. ज्या प्रदेशांत पाणी दुर्मिळ, तेथें पितरांना द्यावयाचें दान पाण्याचेंच असावें, हें किती यथायोग्य आहे!

ज्यांना शेत नाहीं त्यांची सुगी रानांत असते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें टपटप पडतात. मुलेंबाळें टोपल्या घेऊन तीं वेचावयास जातात. मेमध्यें तेंदूचीं पानें तोडावयाचीं. माझ्या वर्गांतले बांक या दिवसांत निम्मे रिकामे होत. हजेरीपटावर मला त्यांची गैरहजेरी मांडावी लागे. परंतु तीं मुलें कोठें तरी आपल्या घराच्या हिशोबांत हजर होतीं.

श्रोतेहो, आपण शहरांत राहणारे लोक या साऱ्यांत काय करूं शकतों, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. मोठमोठ्या योजना सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. एक लहानशी गोष्ट मात्र सुचवितों. आपल्या आजीच्या काळीं उन्हाळ्यांत वर्षाचें धान्य भरण्याची रीत होती. गहू, तूर, मिरची, हळद ओळखीच्या कुणब्याकडून घ्यावयाची, गच्चीवर ऊन दाखवावयाची, आणि कोठींत भरावयाची. आतां आपण महिन्याचें, कित्येकदां आठवड्याचेंच सामान आणतों. ज्यांच्या घरांत जागा आहे आणि हातांत थोडी शिल्लक आहे, त्यांनीं ही रीत पुन्हा धरून पाहावी. वैशाखांत एखाद्या शेतकऱ्याच्या दारीं जाऊन वर्षाचें धान्य रोख पैशानें घ्यावें, आणि दोन पैशांसाठीं घासाघीस करूं नये. ज्या आठवड्यांत त्याला बियाण्यासाठीं दुसऱ्याकडे हात पसरावा लागतो, त्याच आठवड्यांत आपला पैसा त्याच्या हातीं पडेल. त्याच वेळीं त्याला एक प्रश्नही विचारावा: ‘पाटील, बियाण्याचा वाटा बाजूला काढला ना?’ तो काढला असेल तरच बाकीचें पोतें आपण उचलावें.

आठ-पंधरा दिवसांत रोहिणी लागतील, नवतप्याचे नऊ दिवस तापतील, आणि मग मृगाची वाट पाहणें सुरू होईल. त्या वेळीं वखरलेल्या काळ्या वावराच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या घरीं मडक्यांत बीं, विहिरींत हातभर पाणी आणि गंजीवर चार पेंढ्या असाव्यात. तेवढें असलें म्हणजे तो आभाळाकडे भीतीनें पाहणार नाहीं. आपल्या कोठींतल्या धान्याची खरी हमी त्याच्या त्या मडक्यांत आहे.